वादविवादाला ‘परकीय हस्तक्षेप’ हा विषय आला तर तयारी कशी करायची

पुण्यात वादविवाद स्पर्धांचा सीझन सुरू झाला की दरवर्षी एखाद्या तरी करंडकाला हा विषय येतोच, शब्द इकडचे तिकडे होतात पण विषय तोच, ‘वांशिक हिंसाचार थांबवण्यासाठी परकीय हस्तक्षेप समर्थनीय आहे’. आणि दरवर्षी तेच होतं, बाजूने बोलणारा रवांडा रवांडा करतो, विरोधात बोलणारा इराक इराक करतो, दोघंही मधेच ‘इंग्रजांची फोडा आणि झोडा नीती’ टाकून टाळ्या घेतात आणि खाली बसतात, परीक्षक मान डोलवून पुढच्याचा नंबर पुकारतात. कॉलेजच्या पोरांची तयारी करून घेताना मी जे सांगत असतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर वीस जणांना वेगवेगळे व्हॉइस मेसेज पाठवायला नकोत.

आपल्याकडे बहुतेक स्पर्धांत संघ दोघांचा, एक बाजूने एक विरोधात. पण दोघं वेगवेगळ्या खोल्यात बसून वेगवेगळी भाषणं पाठ करतात, हे आधी बंद करा. एकाच वहीत दोघांचे मुद्दे लिहा, कारण या विषयात दोन्ही बाजूंची उदाहरणं तीच आहेत, फक्त कुठल्या तारखेपासून गोष्ट सांगायला सुरुवात करता त्यावर बाजू ठरते.

विषय फोडून घ्या

परकीय म्हणजे कोण? शेजारी देश, जुना मालक देश, युनो, आफ्रिकन युनियन, ही चार वेगळी माणसं आहेत, एकाच पिशवीत भरू नका. आणि हस्तक्षेप म्हणजे बॉम्बच असं काही नाही. मध्यस्थी हा हस्तक्षेप आहे, शस्त्रबंदी आहे, आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचणं आहे (गांबियासारख्या छोट्या देशाने २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणी म्यानमारला कोर्टात नेलं), शांतिसेना आहे, मग सगळ्यात शेवटी विमानं आणि रणगाडे.

केनिया घ्या. डिसेंबर २००७ ची निवडणूक, निकालावरून किकुयू, कालेंजिन, लुओ अशी मारामारी पेटली, हजाराहून जास्त लोक मेले, काही लाख बेघर झाले. टीव्हीवर सगळे म्हणत होते की टोळ्यांची भांडणं आहेत, पण रिफ्ट व्हॅलीत जिथे सगळ्यात जास्त कत्तल झाली तिथला मूळ झगडा जमिनीचा होता, ब्रिटिशांनी तिथली चांगली जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवली होती आणि स्वातंत्र्यानंतर ती वाटताना कोणाला मिळाली कोणाला नाही यावरून राग साठत गेला. तिथे कोणी सैन्य पाठवलं नाही. युनोचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आले, एक महिन्याहून जास्त नैरोबीत ठाण मांडून बसले आणि २८ फेब्रुवारी २००८ ला राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगा यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. बाजूने बोलणाऱ्याने हे उदाहरण सोडूच नये, समोरचा बॉम्बची तयारी करून आलेला असतो आणि तुम्ही त्याला टेबलखुर्ची दाखवता.

‘वसाहतीचा वारसा’ हे तीन शब्द म्हणजे मुद्दा नाही

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पोरं म्हणतात ‘वसाहतवादामुळे हे झालं’ आणि पुढे जातात. अरे पण कशामुळे, कसं? साहेबाने नेमकं केलं काय? कागद, जमीन, सैन्यभरती, सीमारेषा, यातलं काय, ते दाखवा. यंत्रणा दाखवता आली तर बोला, नाहीतर तो मुद्दा सोडा.

रवांडाचं ओळखपत्र हे त्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आहे कारण ते डोळ्यापुढे उभं करता येतं. बेल्जियमने १९३३-३४ च्या सुमारास शिरगणती करून माणसामाणसाला कार्ड दिलं. नंतरच्या कार्डांवर फोटोच्या खाली एक ओळ असायची, तिच्यात हुतू, तुत्सी, त्वा (हे रवांडातले तीन गट) आणि नागरिकत्व घेतलेला असे चार पर्याय छापलेले, कारकून जे लागू नाही ते पेनाने खोडायचा आणि जे उरलं ते तुम्ही. बापाचं जे असेल ते पोराचं. आता गंमत बघा, हे सगळे लोक एकच किन्यारवांडा भाषा बोलतात, एकाच टेकडीवर राहतात, एकाच चर्चला जातात. कार्डाच्या आधी माणूस गरीब-श्रीमंत होताना या गटातून त्या गटात सरकू शकायचा, सर्रास नाही पण शक्य होतं, कार्डाने ते कुलूपबंद झालं. आणि १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल सुरू झाली तेव्हा रस्त्यारस्त्यावर जे नाके लागले तिथे पहिल्यांदा मागायचे ते कार्डच. खोडलेली ओळ कुठली आहे त्यावर माणूस पुढे जायचा किंवा तिथेच मरायचा.

हे सांगताना हॉलमध्ये शांतता होते, पण इथेच थांबू नका कारण समोरचा हुशार असेल तर दोन दगड मारेल. पहिला, हुतू-तुत्सी भेद बेल्जियमने शून्यातून काढला नव्हता, एकोणिसाव्या शतकात रवाबुगिरी राजाच्या काळातच हुतूंवर वेठबिगारी लादून तो टोकदार झाला होता. दुसरा दगड मोठा आहे. रवांडा १ जुलै १९६२ ला स्वतंत्र झाला, मग तेच कार्ड पुढे ३२ वर्षं कोणी चालवलं? त्यांच्याच सरकारने. तर तुमच्याकडे याचं उत्तर तयार पाहिजे, आणि माझ्या मते प्रामाणिक उत्तर हे की साहेबाने हत्यार बनवलं आणि नंतरच्या राज्यकर्त्यांना ते सोयीचं वाटलं म्हणून त्यांनी धार लावून ठेवलं, दोघांचा हिशोब वेगळा मांडा. (गायी मोजून दहाच्या वर असतील तर तुत्सी लिहिलं ही गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे सापडते, त्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, भाषणाचा पाया तिच्यावर ठेवू नका.)

श्रीलंकेचंही तसंच. चहाच्या मळ्यांवर तमिळ मजूर ब्रिटिशांनी नेले खरे, पण स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर १९४८ च्या कायद्याने त्या मळेवाल्या तमिळांना नागरिकत्वाबाहेर कोणी काढलं, १९५६ मध्ये ‘फक्त सिंहली’ भाषेचा कायदा कोणी केला? कोलंबोतल्या निवडून आलेल्या सरकारांनी.

आणि परीक्षक पुण्याचे आहेत, त्यांना घरचं उदाहरण द्या. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आख्ख्या जमातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवायचं, रजिस्टरमध्ये नाव, हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला लोक विमुक्त झाले, मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी कुठेही होवो, पोलिस पहिले जातात पारध्यांच्या पालावर. साहेब गेल्यावर साहेबाचं रजिस्टर कसं जिवंत राहतं हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही, आणि ‘ते आफ्रिकेतले लोक तसेच’ असा जो एक वास अशा भाषणांना येतो तो पण जातो.

त्या वासाबद्दल अजून एक. ‘टोळ्या’, ‘रानटी’, ‘शतकानुशतकांचं वैर’ हे शब्द वहीतून काढून टाका. पुण्यात सुदान, केनिया, रवांडा, काँगो असल्या देशांची किती पोरं शिकतात, प्रेक्षकात एखादी बसलेली असू शकते. आणि ती तुमच्या कॉलेजात असेल तर कँटीनमध्ये जाऊन बोला की तिच्याशी, पण पहिलाच प्रश्न ‘तू हुतू का तुत्सी’ असा विचारू नका, आज तिकडे तो प्रश्न कोणी विचारत नाही, कार्डावरूनही ती ओळ कधीच गेली.

खरा मुद्दा: बाहेरचे आधीच आत असतात

आता हे नीट वाचा कारण अख्खा लेख यासाठी लिहितोय. सगळे वाद ‘आत जायचं की नाही’ असे चालतात, जणू देश म्हणजे बंद दाराचं घर आणि बाहेर चांगले लोक बेल वाजवावी का याचा विचार करतायत. असं जवळपास कधीच नसतं. कोणीतरी शस्त्रं विकलेली असतात, कोणी सरकारला सैनिकी ट्रेनिंग देत असतं, कोणी शेजारून बंडखोरांना पोसत असतं. म्हणून तयारी करताना कुठलंही उदाहरण घेतलं की पहिल्यांदा एक तक्ता करा, हिंसा पेटली त्या दिवशी कोणकोण परके आधीच तिथे होते आणि काय करत होते.

रवांडाचा तक्ता करून दाखवतो. फ्रान्स राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या हुतू सरकारचा पाठीराखा, शस्त्रं आणि सैनिकी मदत देणारा. युगांडा दुसऱ्या बाजूला, १९५९ नंतर पळून गेलेल्या तुत्सींची पोरं तिथे वाढली आणि १ ऑक्टोबर १९९० ला आरपीएफ (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट, बंडखोर संघटना) म्हणून तिथूनच आत शिरली. ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातल्या अरुशाला सरकार आणि आरपीएफ यांच्यात करार झाला आणि तो पाळला जातोय का बघायला युनोची शांतिसेना आली, साधारण अडीच हजार जण, प्रमुख कॅनडाचे जनरल रोमियो दालेर. ११ जानेवारी १९९४ ला दालेरने न्यूयॉर्कला कळवलं की शस्त्रांचे साठे आहेत, तुत्सींच्या याद्या बनतायत, मी साठ्यांवर छापा टाकतो. उत्तर आलं, नको, तुमच्या अधिकारात बसत नाही. त्या वेळी शांतिसेना विभागाचे प्रमुख कोण होते? तेच, केनियावाले कोफी अन्नान. (हे दोन्ही बाजूंनी वापरता येतं, विचार करा कसं.)

६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं, त्या रात्रीपासून कत्तल सुरू. ७ तारखेला बेल्जियमचे १० सैनिक मारले गेले. मग फ्रान्स, बेल्जियम, इटली यांचे कसलेले शेकडो सैनिक किगालीत उतरले, पटापट, काही दिवसांत, आणि आपापले नागरिक गोळा करून परत गेले. किगालीतल्या एका टेक्निकल शाळेत बेल्जियन शांतिसैनिकांच्या भरवशावर दोनेक हजार लोक आसऱ्याला होते, गेटबाहेर मारेकरी उभे होते हे सगळ्यांना दिसत होतं. ११ एप्रिलला गोऱ्या लोकांना ट्रकमध्ये घेतलं, मग सैनिकही निघाले, लोक गाड्यांपुढे आडवे पडले तरी निघाले, आणि त्याच दिवशी त्यातल्या बहुतेकांना हाकत नेऊन मारलं. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० वर आणायचा ठराव केला. अडीच हजाराचे २७०. प्रत्यक्षात दालेरने त्याहून थोडे जास्त ठेवून घेतले आणि अमाहोरो स्टेडियमवर वगैरे हजारो जीव वाचले सुद्धा.

तर बाजूने बोलणाऱ्याने ‘जगाने हस्तक्षेप केला नाही’ हे वाक्य म्हणूच नये. म्हणा की हस्तक्षेप झाला, उत्तम झाला, वेळेत झाला, पण पासपोर्ट बघून झाला. नेमकं कोणाला वाचवायचं हे ठरवूनच ती विमानं आली होती. साधारण १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं गेली (रवांडा सरकार १० लाखांवर सांगतं, आकडा देताना कोणाचा ते सांगा).

आणि विरोधात बोलणाऱ्याने इथूनच पुढे जायचं. जूनमध्ये फ्रान्सने युनोची परवानगी घेऊन मानवतावादी मोहीम म्हणून सैन्य पाठवलं, काही तुत्सी वाचले, पण त्याच सुरक्षित पट्ट्यातून कत्तल करणारे नेते शेजारच्या झाईरमध्ये (आजचा काँगो) सटकले. फ्रान्सच्याच सरकारने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०२१ मध्ये आपल्या देशावर जबर जबाबदारी टाकली. आणि कत्तल शेवटी थांबवली ती युनोच्या कुठल्याच निळ्या हेल्मेटवाल्यांनी नाही, आरपीएफने लढून जुलैमध्ये किगाली घेतली तेव्हा थांबली.

विरोधात बोलायला इराक लागत नाही

इराक टाळा, तो वांशिक हिंसा थांबवायला झालेला हल्ला नव्हताच, समोरचा एका वाक्यात उडवेल. तुमच्याकडे आपलंच उदाहरण आहे. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार, दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्या नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. आपली शांतिसेना तमिळांना वाचवायला गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिची लढाई कोणाशी जुंपली, तर तमिळ बंडखोरांच्या लिट्टेशी. ज्यांना आपण आधी ट्रेनिंग दिलं होतं तेच. बघा, परत तक्ता. जाफना हॉस्पिटलमध्ये गोळीबारात डॉक्टर, नर्स, पेशंट मेले, तमिळ लोक त्याचा दोष आजही आपल्या सैन्याला देतात, भारत म्हणतो चकमकीत सापडले. १९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच निघा म्हणून सांगितलं, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत, आपले १,१०० हून जास्त जवान गेले आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. या मोहिमेचे एकंदर सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे तेव्हा दक्षिण कमांडचे प्रमुख होते, म्हणजे मुख्यालय आपल्या पुण्याच्या कॅम्पातलं. घोरपडी-वानवडी बाजूला राहणारे निवृत्त फौजी प्रेक्षकात असतील तर ते लगेच ताठ बसतात, त्यामुळे इथे एकही तारीख चुकवू नका.

दुसरं लिबिया. १७ मार्च २०११ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३, दहा बाजूने, विरोधात कोणी नाही, पाच तटस्थ, त्यात भारत. परवानगी होती नागरिकांना वाचवायची, शेवट झाला तिथला हुकूमशहा गद्दाफीच्या मृत्यूने. आणि मग मिस्राताच्या सशस्त्र टोळक्यांनी तावर्घा हे काळ्या लोकांचं अख्खं गाव रिकामं केलं, चाळीसेक हजार लोक हाकलले गेले, त्यांना वाचवायला कोणी विमान पाठवलं नाही.

कायदा तोंडी पाठ पाहिजे, पण चारच ओळी

युनोच्या सनदेचं कलम २(४), बळाचा वापर नको. कलम २(७), अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको. सातवं प्रकरण, सुरक्षा परिषद परवानगी देऊ शकते. कलम ५१, स्वसंरक्षण. त्यावर २००५ ची जागतिक शिखर परिषद, परिच्छेद १३८ आणि १३९, की आपल्या लोकांना नरसंहारापासून वाचवणं हे आधी त्या त्या सरकारचं काम आणि ते उघडउघड कमी पडलं तर सुरक्षा परिषदेमार्फत जग पुढे येईल. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून तुम्ही सांगा, आफ्रिकन युनियनच्या स्वतःच्या घटनेत कलम ४(ह) आहे, युद्धगुन्हे, नरसंहार वगैरे झाले तर सदस्य देशात हस्तक्षेप करायचा युनियनला हक्क. म्हणजे ‘हस्तक्षेप ही गोऱ्यांची कल्पना’ हे वाक्य अर्धंच खरं. कोसोवो १९९९ मध्ये नाटोने परवानगीशिवाय ७८ दिवस बॉम्ब टाकले, ते एका ओळीत येऊ दे, जास्त नको.

प्रश्नोत्तरात फाडून खातात ते प्रश्न

‘मग उद्या भारतात कोणी घुसलं तर चालेल का?’ हा येणारच. गडबडू नका, भावनेवर जाऊ नका. म्हणा की भारताने स्वतः दोन्ही टोपल्यांतलं उचललंय. १९७१ ला एक कोटीच्या आसपास निर्वासित आले, ३ डिसेंबरला पाकिस्तानने हल्ला केला, आपण ढाक्यापर्यंत गेलो, आणि ७ डिसेंबरला युनोच्या आमसभेत युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या म्हणणारा ठराव १०४ विरुद्ध ११ ने पास झाला, आपण त्या अकरात. जग विरोधात होतं आणि आज बांगलादेशात त्याला मुक्ती म्हणतात. १९६१ ला गोवा, पोर्तुगालची बाजू घेणारा ठराव सुरक्षा परिषदेत सोव्हिएत व्हेटोने अडला. गोव्याचं तर पुण्याशी घरचं नातं, विमोचन समिती इथली, मे १९५५ च्या सत्याग्रहाला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट इथून गेले. ते वांशिक हिंसेचं प्रकरण नाही हे आधीच कबूल करा, पण परका कोण हे कोण ठरवतं, या प्रश्नाला त्याच्यासारखं उदाहरण नाही.

‘सोमालियाचं काय?’ ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक मेले आणि अमेरिकेचं मन उडालं, रवांडाच्या वेळी पाय मागे घेण्यामागे तेही होतं. दोन उदाहरणं अशी एकमेकांना बांधली की परीक्षकाला कळतं की पोराने पाठ नाही केलंय, वाचलंय.

बाकी किरकोळ

वाचायला गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी आहे, युनोची जुनी प्रकाशनं तिथे येत आलीत, बाहेरच्यांनी आधी फोन करून जा, कॉलेजचं पत्र न्या. नाहीतर युनोच्या साइटवर ठराव फुकट आहेत, दोन-तीन पानांचे असतात, मूळ वाचा. एआयकडून भाषण लिहून घेतलेलं दुसऱ्या मिनिटाला कळतं, सगळ्या गोष्टी ‘गुंतागुंतीच्या’ असतात त्यात.

वेळ वाटताना निम्म्याहून जास्त वेळ एकाच देशाला द्या, पाच देशांची यादी वाचू नका. उच्चार आधी ठरवा, तुत्सी म्हणायचं तर दोघांनी तुत्सीच. आकडा आठवला नाही तर ‘लाखो’ म्हणा, ठोकून देऊ नका. आणि खंडनासाठी कागदाचा उजवा अर्धा भाग कोरा सोडून जा, समोरचा बोलत असताना त्यात फक्त दोन गोष्टी लिहायच्या, तो कुठल्या तारखेपासून सुरू झाला आणि त्याने तक्त्यातला कोण परका गाळला. बहुतेक वेळा तेवढ्यावरच तुमचं खंडन उभं राहतं, पहिली घंटा व्हायच्या आत.